चुड्याच्या रंगाची मोटार

आमची मोटार आम्ही घरच्या अंगणात, आमच्या हातांनी रंगवली. हे मी फारसं कोणाला सांगत नाही. नवराबायकोने मिळून मोटार रंगवली म्हटलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे कौतुकाने फुलतात, आणि मला ते बघवत नाही. कौतुकाचं काही नव्हतं त्यात. आमच्या मोटारीत मढं बसलं होतं. ते लोकांनी विसरावं एवढ्यासाठी आम्ही तिला रंग दिला.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. भोर तेव्हा संस्थान होतं आणि आमच्या घरातले पुरुष कचेरीत कारकून. सासरे होते तोवर ते, मग थोरले दीर, मग हे. टोपी सारखी करून वेळेवर जायचं, वरच्याने हाक मारली की ताडकन उठायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बायकामुलांवर खेकसायचं, हा घराण्याचा शिरस्ता. ह्यांना तो मानवला नाही. पुण्याला कोणीतरी टाकायला काढलेली एक जुनी मोटार ह्यांनी घेतली, चालवायला शिकले आणि कचेरीचा राजीनामा देऊन मोकळे झाले. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसणार.

मोटार दारात आली त्या दिवशी थोरले दीर जेवताना म्हणाले, "वर्षाच्या आत साहेबापुढे हात जोडून उभा राहशील. तेव्हा मला शब्द टाकायला सांगू नकोस." वाढायला आम्ही दोघी जावा तिथेच होतो. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात थोडी मजा होती. हे खाली बघून भात कालवत राहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. मोटार चालते, की हे मान खाली घालून पुन्हा कचेरीत जातात.

मोटार चालली ती लग्नांवर. पुण्याला जायला सर्व्हिसची मोठी मोटार होती, लोक तिच्यात दाटीवाटीने बसून जात, आमच्याकडे कोण येतो? पण किकवी, सारोळे, वरवे या बाजूच्या गावांत तेव्हा नवीच हवा आली होती, की नवरदेव मोटारीतूनच आला पाहिजे. वऱ्हाड मागून बैलगाड्यांतून धूळ खात येईना का, नवरा मोटारीत हवा. आमची मोटार काळी, उघडी, वर ताडपत्रीचा टप आणि बाहेरच्या अंगाला रबरी फुग्याचा भोंगा. त्या भोंग्यासाठी पोरंटोरं गावाबाहेरपर्यंत पळत येत. पहिल्या मोसमात हे घरी म्हणून टेकले नाहीत. अंगाला सदा पेट्रोलचा वास आणि टोपीवर अक्षता. थोरले दीर गप्प झाले होते. मी जाऊबाईंसमोर जरा जास्तच हसतबोलत असे.

आणि मग ह्यांनी तो चांगुलपणा केला.

ज्येष्ठ सरत आला होता. लग्नं संपली होती. हे पुण्याला कोणाला तरी सोडून दुपारचे रिकामे परत निघाले होते. तिथल्या दवाखान्याच्या फाटकाशी वेल्ह्याकडचा एक म्हातारा शेतकरी आणि त्याचा भाऊ उभे होते, आणि शेजारी हातगाडीवर म्हाताऱ्याचा मुलगा. ऐन तरणा मुलगा, सकाळीच गेला होता. म्हाताऱ्याला तो घरी न्यायचा होता, कारण त्याच्या आईने त्याला दुखण्यात एकदाही बघितलं नव्हतं. टांगेवाले नाही म्हणत होते, मोटारवाले थांबतही नव्हते. हे थांबले. का थांबलात, म्हणून मी पुढे किती खोदून विचारलं. "ते उभे होते, म्हणून थांबलो," एवढंच हे म्हणत.

आमच्या मोटारीत माणूस आडवा मावत नसे. म्हणून मुलाला मागच्या गादीवर मधोमध बसवला, घोंगडी गुंडाळली, एका बाजूने बापाने धरला, दुसऱ्या बाजूने चुलत्याने. कात्रजचा घाट ओलांडून नसरापूरच्या फाट्याला येईतो इंजिन तापलं. पाणी घालायला थांबणं भागच होतं. चहाच्या दुकानाशी चार रिकामटेकडे असतातच. त्यांतल्या एकाने मोटारीत डोकावून विचारलं, "पाव्हणं झोपल्यात जणू?"

म्हातारा म्हणाला, "व्हय. लई दमलाय त्यो." आणि त्याने घोंगडीचं टोक मुलाच्या तोंडावर ओढलं.

तिथून हे वेल्ह्याच्या कच्च्या रस्त्याला लागले आणि जिथवर मोटार जाईल तिथवर गेले. पुढे गावच्या लोकांनी मुलाला खांद्यावर घेतलं. म्हाताऱ्याने जाताना चाकाला हात लावून तो हात कपाळाला लावला. ह्यांनी त्याच्याकडून काही घेतलं नाही. घरी येऊन विहिरीवर अंघोळ केली, गाद्या धुतल्या, मोटारीवर गोमूत्र शिंपडलं, मला सगळं सांगितलं आणि जेवायला बसले. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. धुतलं की झालं, असं मी धरून चालले. मला माणसं कळत नव्हती असं म्हणायचं.

नसरापूरच्या त्या रिकामटेकड्यांना दुसऱ्याच दिवशी समजलं की दमलेला पाहुणा कोण होता. आपण मढ्याची विचारपूस केली म्हणून त्यांना म्हणे थंडी वाजून आली. मग ती गोष्ट भोरकडे निघाली आणि वाटेत खात-पीत लठ्ठ होत आली. मढ्याने मान हलवली. मढ्याने पाणी मागितलं. आमच्या आळीत पोचेपर्यंत ते हसायलासुद्धा लागलं होतं. विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबत आणि उगीचच दोरीला गाठ मारायला लागत.

दसऱ्याला ह्यांनी मोटारीला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. आदल्या वर्षी अर्धी आळी प्रसादाला उभी होती. या वर्षी खोबऱ्याचे तुकडे ताटलीत तसेच वाळले आणि मी त्यांची चटणी केली.

तुळशीचं लग्न जवळ आलं तशी आधी बोलणी करून गेलेली माणसं एकेक करून यायला लागली. सगळ्यांचं बोलणं एकाच छापाचं. एक जण तर ओसरीवर बसून आधी ह्यांच्या पाया पडला. म्हणाला, "तुमी द्येवमाणूस हाय. दुसरा कुनी आसलं काम केलं नसतं. पर नवऱ्याला त्या गादीवं कसं बसवायचं, तुमीच सांगा." आणि चहा न घेता उठून गेला. देवमाणूस म्हणायचं आणि देवमाणसाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. असला राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही, आणि तो दाखवायचीही सोय नव्हती.

थोरल्या दिरांनी वेळ साधली. झोपाळ्यावर बसून पान लावता लावता म्हणाले, "साहेब परवा तुझी चौकशी करत होते."

हे म्हणाले, "मी मोटारीचा रंग बदलणार आहे."

पुण्यात मोटारी रंगवून देणारे होते. तिकडचा विचार करायची आमची ऐपत उरली नव्हती. जे करायचं ते घरी, आणि शक्यतो घरात असलेल्या वस्तूंनी. रंग कोणता, यावर ह्यांचा पिवळा म्हणून हट्ट होता. बाजारातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात कोणाच्या तरी दारा-खिडक्यांसाठी मागवलेला आणि पडून राहिलेला हिरवा रंग होता, घट्ट लगद्यासारखा, तेल घालून पातळ करायचा. दुकानदाराला तो एकदाचा जायला हवा होता. मीच म्हटलं, हिरवाच घ्या. लग्नात नवरीच्या हातात चुडा हिरवा भरतात. हिरव्या मोटारीला अशुभ म्हणायला कोणाची जीभ उचलणार नाही. मला माझ्या हुशारीचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

ब्रशाचं एक निराळंच नाटक झालं. चांगला ब्रश डुकराच्या केसांचा असतो, हे सासूबाईंना कोणीतरी येऊन सांगितलं होतं. त्या देवघरातूनच ओरडल्या, "मढं झालं, आता डुक्कर आणा घरात!" ह्यांनी वाद घातला नाही. चौकातल्या टांगेवाल्याकडे गेले आणि त्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस मागितले. त्याने ते कापून दिले, पण देताना म्हणाला, "माजी गिऱ्हाइकं तर न्हेलीच, आता शेपूट बी न्या." ते केस बांबूच्या काडीला सुतळीने बांधून आम्ही ब्रश केले. प्रत्येक फटकाऱ्याला दोन-चार केस रंगात राहत. मी ते नखाने उचलत मागून फिरायची.

पण रंग देणं हे शेवटचं. आधी जुना काढायचा. चुन्याची निवळी आणि कपडे धुवायचा सोडा यांची खळ करून ती मोटारीला फासली, ती फुगली की कौलाच्या तुकड्याने आणि विटेने खरवडायचं. माझ्या हातांची सालं गेली. पोळ्या लाटताना हातांची आग आग व्हायची. खरवडलेल्या पत्र्यावर खड्डे होते, त्यांत खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी भरली. पुरणासारखी मळायची ती, आणि मळली मीच, कारण ह्यांची लांबी चुरा होऊन गळून पडायची. मग गंज धरू नये म्हणून पहिला हात शेंदराचा. शेंदूर आणि तेल. तो वाळेपर्यंत मोटार अंगणात शेंदरी होऊन उभी होती. येणाराजाणारा कुंपणावरून विचारी, "शनवारी तेल वाहायला येऊ का?" हे हसत. मला हसू येत नसे.

मग हिरवा. पुढचा भाग आणि डावी बाजू छान झाली. मागचा भाग झाला. उजव्या दारापाशी येईतो जवसाचं तेल संपलं. तेली म्हणाला, चार दिवसांनी मिळेल. ह्यांना थांबवेना. एवढीशी बाजू राहिलेली डोळ्यांत खुपत होती. मला म्हणाले, "करडईचं दे." मी विचारलं, "चालेल?" तर म्हणाले, "तेल ते तेल." मी स्वयंपाकघरातून बुधला आणून दिला. उजवं दार आणि त्या बाजूची दोन्ही मडगार्डं करडईच्या तेलात झाली. ती वाळली नाहीत. आठवडा गेला, पंधरवडा गेला, ऊन दिलं, फडक्याने टिपलं, राख लावून पुसलं. बोट लावलं की बोट हिरवं. रस्त्याची धूळ, कोंबडीचं पीस, जे उडत येईल ते तिथे चिकटून बसे.

गाद्यांवर मी लाल खारवा शिवून चढवला. सगळं झालं तेव्हा आम्ही दोघं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलो. दुरून बघितलं तर कोणाच्या तरी माडीची दारं काढून एकाला एक टेकवून ठेवावीत तशी दिसत होती. सांध्यांतून काळं डोकावत होतं. तरी मला ती सुंदर वाटली. खोटं का बोलू? त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की सुटलो.

किकवीचा एक बडा शेतकरी भोरच्या बाजाराला आला होता, त्याने ती रस्त्यात बघितली आणि विचारत घरापर्यंत आला. मुलाचं लग्न मार्गशीर्षात, मुलगी वरवे बुद्रुकची. त्याने मोटारीभोवती फेरी मारली. "नवी हाय का?"

"रंग नवा आहे," हे म्हणाले.

"हिरवी म्हंजी लग्नाचीच की," तो म्हणाला आणि ठरवून गेला. त्याने आमच्याकडे चहा घेतला. कपबशी परत आणताना मी जाऊबाईंच्या समोरून मुद्दाम गेले.

लग्नाच्या दिवशी हे मला म्हणाले, "तूही चल. उजवं दार अजून लागतंय. बायकांना मी कसं सांगू, हात लावू नका म्हणून? तू सांग." सासूबाई कुरकुरल्या. मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि मांडीवर फडकं घेऊन पुढच्या गादीवर बसले. किकवीला नवरदेव बाशिंग बांधून तयार होता. मागच्या गादीवर त्याला मधोमध बसवला, दोन्ही बाजूंना करवल्या. सगळ्यांना मी डाव्या बाजूने चढवलं. मागे बैलगाड्या, पुढे आम्ही. मोठ्या सडकेला लागल्यावर हे शीळ घालत होते. राजीनामा दिल्यापासून मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती.

आमच्याकडे नवऱ्याला मांडवात थेट नेत नाहीत. आधी गावच्या मारुतीला नेतात, तिथे नवरीकडचे मानकरी येऊन नारळ देतात, आणि तिथून वाजतगाजत मांडवाकडे परण्या निघतो. वरव्याच्या मारुतीपाशी मोटार उभी राहिली. नवरदेवाने दर्शन घेतलं आणि तो परत येऊन आपल्या जागी बसला. वाजंत्री सुरू होती. नवरीकडचे लोक आले, त्यांच्या पुढे नवरीचा मामा. मामाला त्या दिवशी मोठा मान, मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी तोच उभा राहतो. नवं पागोटं बांधलेला, वाळलेला म्हातारा होता. मी त्याला पूर्वी कधी बघितलं नव्हतं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं.

म्हातारा सगळ्यांना सोडून ह्यांच्याकडे आला. "मालक! तुमी हितं?" त्याने ह्यांचे दोन्ही हात धरले. "म्या दोन डाव फाट्याला यून हुबा ऱ्हायलो तुमच्यापाई. दिसभर. काळी मोटार आलीच न्हाई. मला वाटलं इकली तुमी. कुठं हाय ती?"

 ह्यांनी एक शब्द बोलायचा होता. विकली. एवढा एकच शब्द. मी ह्यांच्याकडे बघत होते, मनातल्या मनात म्हणत होते, बोला, बोला. ह्यांना तो जमला नाही.

म्हाताऱ्याने मोटारीकडे बघितलं. भोंग्याकडे बघितलं. पुढे होऊन दारावर हात ठेवला, आत वाकून खारव्याखालची गादी चाचपून बघितली, आणि त्याला ओळख पटली. "हीच की! आरं, हीच ती माय!" त्याने सगळ्या लोकांकडे तोंड केलं. त्याला ते सगळ्यांना सांगायचंच होतं, किती दिवस सांगायचं राहिलं होतं. "पुण्यात कुनी शिवाना माज्या लेकराला. ह्या मोटारीनं त्याला घरला आणलं. ह्या देवानं आणलं. ह्या गादीवं, हितं मदी बसवला व्हता त्येला." आणि त्याने नवरदेवाकडे बोट केलं. मग खाली वाकून त्याने आपलं पागोट्यासकट डोकं मडगार्डावर टेकवलं.

आधी सनई थांबली. ताशेवाल्याला कळायला थोडा वेळ लागला, मग तोही थांबला. नवरदेव विंचू चावल्यासारखा खाली उडी मारून आला, बाशिंग एका कानावर. करवल्या किंचाळत उजव्या दाराने उतरल्या आणि त्यांच्या लुगड्यांना हिरवे पट्टे लागले. नवऱ्याची आई बैलगाडीतून रडायला लागली.

नवऱ्याचा बाप ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "फशिवलं तुमी आमाला. रंग दिऊन फशिवलं."

मला राहवलं नाही. मी उतरून म्हटलं, "काय फसवलं? मेलेला मुलगा त्याच्या आईला दाखवायला आणला. चोरी केली का?" माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. बाईमाणूस मोटारवाल्याबरोबर हिंडतं, तिला काय उत्तर द्यायचं? हे म्हणाले, "गप्प बस गं." फसवलं नाही असं हे म्हणाले नाहीत, आणि म्हणता आलं असतं असं मलाही आज वाटत नाही.

नवऱ्याला विहिरीवर नेऊन पुन्हा अंघोळ घातली. कपडे दुसऱ्या कोणाचे तरी दिले. तो चालत मांडवात गेला. मुहूर्त टळला तो टळलाच, दुसरा काढला. आणि म्हाताऱ्याला त्याच्याच बहिणीच्या माणसांनी बाजूला केलं. भरल्या लग्नात मढ्याचं नाव काढलं म्हणून. नवरीच्या पाठीशी त्याचा चुलतभाऊ उभा राहिला. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की म्हातारा मारुतीच्या पाराकडे परत येतोय.

तो आमच्या मोटारीच्या सावलीत येऊन जमिनीवर बसला. कपाळावर हिरवा डाग, नवं पागोटं हिरवं. मांडवातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि "शुभमंगल" म्हटलं की त्याचा हात आपोआप अक्षता टाकल्यासारखा उचलायचा. मंगलाष्टकं संपल्यावर म्हणाला, "रंग कशापाई दिला, मालक? काळी होती ती चांगली होती की."

"उन्हाने जुना उडाला होता," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. त्या पैसेवाल्या माणसापुढे घरादारासाठी एक शब्द खोटा बोलवला नाही, आणि या म्हाताऱ्यासाठी पटकन बोलवला. मला ह्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही. त्या रंगाने एकच माणूस फसला होता, आणि तो म्हणजे हा म्हातारा. फाट्यावर दिवसदिवस काळी मोटार शोधत उभा राहणारा.

घरी आल्यावर मी वाट बघत होते की आता हे कचेरीत जातील. थोरले दीरही वाट बघत होते. पण तसं झालं नाही, आणि जे झालं ते कचेरीपेक्षा बरं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या लग्नाची गोष्ट वेल्ह्यापासून नीरेपर्यंत सगळ्यांना कळली. भोरला एक हिरवी मोटार आहे, ती मढी आणते. मग लोक यायला लागले. कोणाची बायको पुण्यात गेली, कोणाचा भाऊ. पुढच्या दाराने येत नसत, मागच्या बोळाने येत. अंगणात येऊन जोत्याखाली उभे राहत, कारण आमच्या ओसरीवर बसायचं नसे. हे कोणालाही नाही म्हणाले नाहीत. ज्यांच्याकडे असे ते देत, नसे त्यांच्याकडून हे घेत नसत. मोटार चालली. थोरल्या दिरांचं भाकीत खोटं ठरलं. असे आम्ही जिंकलो. सणासुदीला, हळदीकुंकवाला मला बोलावणं येईनासं झालं, आणि जाऊबाईंना त्याचं वाईट वाटायचं, ते मला सगळ्यात जास्त लागायचं.

पुढचा पावसाळा उलटून गेल्यावर एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. बोळाच्या तोंडाशी कोणीतरी उभं होतं. किकवीचा तो बडा शेतकरी. नवऱ्याचा बाप. डोक्याला मुंडासं नव्हतं. त्याने मला ओळखलं आणि नजर खाली वळवली.

सून पहिल्या बाळंतपणाला अडली होती. पुण्याला नेली, तिथे रात्रीच गेली. मूलही गेलं. आता तिला घरी आणायची होती.

लग्नाच्या त्या दिवसापासून किकवी-वरव्यात काय बोललं जात होतं ते मला ठाऊक होतं. लग्नात अपशकुन झाला, आता बघा, असं ते पोरगी चालतीबोलती असतानाच म्हणत होते. म्हणजे त्यांच्या हिशेबी तिला आमच्या मोटारीनेच खाल्लं होतं. आणि आता तिला आणायला आमचीच मोटार हवी होती.

"मोटार मिळंल का?" तो म्हणाला.

हे आतून सगळं ऐकत होते. टोपी घालून बाहेर आले आणि मोटारीकडे गेले. मी मात्र गप्प बसले नाही. मी म्हटलं, "लग्नाच्या दिवशी त्या पोरीला ह्या मोटारीत पाय ठेवू दिला नाहीत. आता बसवता?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लाजही नव्हती. मला समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "आता तिला काय व्हनार हाय, बाई?"

तोवर ह्यांनी इंजिन सुरू केलं होतं. तो वळून चालत गेला आणि हे थांबले होते तिथे जाऊन मोटारीत बसला.